रक्तातला विळा, हातातला कोयता
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाची संहिता)



दिवाळी उलटली की बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील रस्ते बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी भरून जातात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात पाचटाच्या कोप्यांची वस्ती उभी राहते. बीड, अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार अशा कोरडवाहू आणि डोंगराळ जिल्ह्यांतून आलेली ही माणसे चार-पाच महिने या भागात राहतात, या भागातील ऊस तोडतात आणि गळीत हंगाम आटोपला की परत फिरतात. त्यांची उचल, त्यांचा मुकादम, त्यांचा तोडणीचा दर, त्यांच्या मुलांची साखरशाळा या प्रश्नांवर चळवळीत पुष्कळ चर्चा झाली आहे. परंतु त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात जन्मतःच असलेल्या एका दोषाचा विचार बागायती पट्ट्यात फारसा झालेला नाही. त्या दोषाला सिकलसेल म्हणतात. सिकल म्हणजे विळा. हातात कोयता धरणाऱ्या मजुराच्या रक्तात विळा असावा, हा शब्दांचा योगायोग आहे. पण दोहोंची गाठ उसाच्या फडात पडते, तेव्हा जे घडते तो योगायोग नव्हे.

हा आजार नेमका काय आहे हे प्रथम पाहिले पाहिजे. रक्तातील तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतील प्राणवायू शरीरभर पोचवते. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी हिमोग्लोबिनच्या या भागाची दोन जनुके प्रत्येकाला मिळतात. या जनुकातील एका सूक्ष्म बदलामुळे प्रथिनाच्या साखळीतील एकच घटक बदलतो, ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते, आणि एवढ्या एका फरकाने हिमोग्लोबिनचा स्वभाव पालटतो. प्राणवायू कमी पडला की त्याचे लांबट धागे बनतात, पेशी ताठ होते आणि तिला विळ्याचा आकार येतो. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्या अवयवाचा रक्तपुरवठा अडतो तेथे असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. त्यामुळे रुग्णाला कायमचा पांडुरोग जडतो, डोळे पिवळसर दिसतात, धाप लागते. लहान मुलांचे हातपाय सुजतात, प्लीहा निकामी होऊन जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि वय वाढेल तसा खुब्याच्या सांध्यापासून मेंदूपर्यंत कोणत्याही अवयवाला इजा पोचू शकते.

येथे एक भेद पक्का ध्यानात ठेवला पाहिजे. ज्याला दोन्ही जनुके सदोष मिळाली तो रुग्ण. ज्याला एकच सदोष मिळाले तो वाहक. वाहक रोगी नसतो. तो सर्वसामान्य आयुष्य जगतो, कष्ट करतो आणि आपण वाहक आहोत याची त्याला बहुधा कल्पनाही नसते. रुग्ण आणि वाहक यांतील हा फरक न समजल्यामुळे जगात मोठे अन्याय घडले आहेत. त्यांचा विचार पुढे येईल. हा आजार संसर्गजन्य नाही. तो स्पर्शाने, एका भांड्यात जेवल्याने, एका कोपीत राहिल्याने होत नाही. तो कोणाच्या पापाचे फळ नाही, करणी नाही आणि देवीचा कोपही नाही. हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या गांजलेल्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले, कारण वाहक बालकाला घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळते. ॲलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासातून हे दाखवून दिले. म्हणजे ज्या जनुकाने एका पिढीतील अनेकांना तारले, त्याचीच किंमत पुढच्या पिढीतील काहींना मोजावी लागते.

शिकागोचे डॉक्टर हेरिक यांनी १९१० साली या विळ्यासारख्या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. भारतात या दोषाची नोंद १९५२ साली झाली. लेहमन आणि कटबुश यांना तो निलगिरीच्या आदिवासींत आढळला आणि त्याच वर्षी डनलॉप व मजुमदार यांनी वरच्या आसामातील चहाच्या मळ्यांतील मजुरांमध्ये तो असल्याचे नमूद केले. हे मजूर मूळचे आसामचे नव्हते. पोटासाठी दूरच्या मुलखातून मळ्यांवर आणलेली ती माणसे होती. म्हणजे या देशात सिकलसेलच्या पहिल्या नोंदींपैकी एक नोंद स्थलांतरित मजुराच्या रक्ताची आहे. चहाच्या मळ्याच्या जागी उसाचा फड ठेवला, तर बारामती-इंदापूरच्या कार्यकर्त्याला हा इतिहास परका वाटणार नाही.

महाराष्ट्रात १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी विदर्भातील रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकांतून पुढे आणली. त्यानंतर या विषयाला ज्यांनी आयुष्य वाहिले त्यांत पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. साने गुरुजींच्या नावाचे रुग्णालय चालवणाऱ्या हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाच्या साह्याने त्यांनी सातपुड्यातील पाड्यांपर्यंत तपासणी नेली. २०१९ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. काटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीत भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा समाजांत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळले. मात्र हा केवळ आदिवासींचा आजार आहे असे समजणे चूक ठरेल. विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही तो आहे. रक्त जातीचा दाखला पाहत नाही. लग्ने मात्र जात पाहून होतात, म्हणून दोष त्या त्या समाजात कोंडून राहतो.

आता उसाच्या फडाकडे वळावे. सर्वच ऊसतोड मजूर सिकलसेलच्या टापूतून येत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मराठवाड्यातून येणाऱ्या टोळ्यांपेक्षा नंदुरबार-धुळ्याच्या भिल्ल आणि पावरा टोळ्यांमध्ये या दोषाची शक्यता कितीतरी अधिक आहे. विळ्याच्या पेशी कशाने चिथावल्या जातात, याचे उत्तर वैद्यकशास्त्राने दिले आहे: थंडी, शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम, ताप आणि जंतुसंसर्ग, अपुरी झोप. डिसेंबरातील पहाटेच्या अंधारात दव पडलेल्या फडात कोयता सुरू होतो. दुपारी डोक्यावर ऊन आणि मोळी असते. प्यायचे पाणी लांब असते, आणि आडोशाची सोय नसल्यामुळे बायका मुद्दाम पाणी कमी पितात. रात्री वाहन आले की अर्ध्या झोपेतून उठून भरणी करावी लागते. रुग्णाने जे जे टाळावे म्हणून वैद्य सांगतो, ते ते सगळे या कामाच्या अटींत आधीच लिहून ठेवल्यासारखे आहे.

या कामाची हिशेबाची रीत त्यात भर घालते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याने मुकादमाकडून हंगामापूर्वीच उचल घेतलेली. एखादा दिवस काम चुकले तर खाडा लागतो. सिकलसेलच्या वेदनेचे वैशिष्ट्य असे की तिची खूण बाहेर दिसत नाही. जखम नाही, हाड मोडलेले नाही, ताप असेलच असे नाही. आणि माणूस मात्र तळमळत असतो. अशा माणसाला मुकादम कामचुकार ठरवतो. गावातला डॉक्टर सुई टोचून किंवा सलाईन लावून परत पाठवतो. अंग पांढरे दिसले की लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. परंतु या पांडुरोगाचे मूळ लोहाच्या अभावात नसते. निदान न झालेला रुग्ण वर्षानुवर्षे खाड्याचे पैसे भरतो आणि आळशी हे नाव घेऊन जगतो. ऊसतोड महिलांच्या आरोग्याविषयी शासन आणि समाज किती बेफिकीर राहू शकतात, याचा प्रत्यय २०१९ साली आला. बीड जिल्ह्यातील पाहणीत तेरा हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली गेल्याचे तेव्हा उघड झाले. खाडा परवडत नाही म्हणून शरीराचा अवयव गमवावा, ही ज्या व्यवस्थेची रीत, तेथे रक्ताच्या तपासणीला कोण विचारणार?

आजार आनुवंशिक आहे, म्हणजे तो अटळ आहे, असे मात्र नाही. त्याचे गणित सोपे आहे आणि ते प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असावे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. दोघांपैकी एकच वाहक असेल तर कोणतेही मूल रुग्ण होत नाही. निम्म्या मुलांना वाहकपण येण्याची शक्यता असते, एवढेच. ज्या समाजात शंभरात वीस माणसे वाहक आहेत, तेथे निव्वळ योगायोगाने पंचवीस जोडप्यांपैकी एक जोडपे दोन वाहकांचे निघते आणि दर शंभर जन्मांमागे सुमारे एक मूल रुग्ण म्हणून जन्माला येते. वाहक मुलीने वा मुलाने लग्नच करू नये, असा या गणिताचा अर्थ होत नाही. दोन वाहकांनी जाणतेपणी निर्णय घ्यावा, हा त्याचा अर्थ आहे. त्यांनी लग्न केलेच, तर दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत असे निदान होते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा, आणि त्यातही त्या स्त्रीचा. १९७१ च्या गर्भपात कायद्याने तिला दिलेला आधार कोणी काढून घेऊ नये आणि कोणी तिच्यावर लादूही नये.

तपासणी कशी करू नये याचे धडे जगाने दिलेले आहेत. ग्रीसमधील ऑर्खोमेनोस या गावात सिकलसेलचे प्रमाण मोठे होते. तेथे शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांचे रक्त तपासून प्रत्येकाला त्याचा निकाल सांगितला. गावाची लग्ने आपल्याकडच्यासारखीच घरच्यांनी जुळवलेली. काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा दिसले की वाहकांना कलंक लागला होता, अनेकांनी आपला निकाल लपवला होता, आणि वाहकाचे वाहकाशी होणारे विवाह योगायोगाने जितके व्हायचे तितकेच झाले होते. माहिती दिली, पण समाजाची तयारी केली नाही, त्याचा हा परिणाम. अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ साली कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत मोफत तपासणी सुरू केली आणि सरकारला त्या आजाराकडे पाहायला लावले. १९७२ साली तेथे कायदा झाला. परंतु काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली. रुग्ण आणि वाहक यांतील फरक नोकरी देणाऱ्यांना आणि विमा कंपन्यांना समजला नाही किंवा समजून घ्यायचा नव्हता. निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या. तेथील वायुसेनेच्या प्रबोधिनीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते.

याउलट सायप्रसने थॅलेसेमिया या सिकलसेलच्या जवळच्या रक्तदोषाबाबत वेगळा मार्ग धरला. तेथे लग्नापूर्वी तपासणी झाल्याचा दाखला मागितला जातो, परंतु निकाल काय लागला यावरून लग्न अडवले जात नाही. शिक्षण, सल्ला आणि गर्भाची तपासणी यांची सोय सर्वांना मिळाली, आणि थोड्याच वर्षांत थॅलेसेमियाग्रस्त मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. दोन्ही अनुभवांचा निष्कर्ष एकच निघतो. सुई रक्त काढते. विश्वास मात्र माणसाने माणसाला द्यावा लागतो.

भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सतरा राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, अशी तिची उद्दिष्टे जाहीर झाली. मोहिमेचे स्वागतच केले पाहिजे. पण तिच्या रचनेतील एक उणीव बागायती भागातील कार्यकर्त्याला सहज दिसेल. आरोग्याची यंत्रणा माणूस जेथे राहतो तेथे त्याची नोंद करते. ऊसतोड मजूर वर्षातील चार-पाच महिने तेथे राहतच नाही. आरोग्यसेविका अक्कलकुव्याच्या वा धडगावच्या पाड्यावर जाते तेव्हा घराला कुलूप असते. आणि तो इंदापूरच्या फडात असतो तेव्हा इथल्या सेविकेच्या यादीत त्याचे नाव नसते. दोन याद्यांच्या मधल्या जागेत माणूस हरवतो. ज्याचे निदान गावी झालेले आहे, त्याची औषधेही हंगामाच्या मध्यावर संपतात. माणूस शंभर कोस हिंडतो आणि त्याचे कार्ड त्याच्या तालुक्याबाहेर ओळखले जात नसेल, तर निर्मूलनाची तारीख कितीही जवळची ठरवली तरी ती दूरच राहील.

उपचारांविषयीही अज्ञान पुष्कळ आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वेदनेचे झटके कमी करते हे १९९५ साली मोठ्या चाचणीने सिद्ध झाले. ते महागडे नाही. रक्ताची अधूनमधून तपासणी करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घ्यावे लागते. पाच वर्षांखालील रुग्ण बालकांना नियमित पेनिसिलीन दिल्याने घातक संसर्ग टळतात, हे १९८६ पासून ठाऊक आहे. त्याला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, न्यूमोनियाची लस, भरपूर पाणी आणि थंडीपासून बचाव यांची जोड मिळाली तर रुग्ण शिकू शकतो, काम करू शकतो, संसार करू शकतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुकांत फेरफार करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. विज्ञानाचा तो मोठा विजय आहे. परंतु अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे बावीस लाख डॉलर ठेवली गेली. विज्ञानाने दार उघडले आणि बाजाराने ते पुन्हा लावून घेतले. कोपीतल्या मुलाला आज वाचवणारी गोष्ट मात्र काही रुपयांची गोळी, वेळेवर टोचलेली लस आणि पाण्याचा हंडा हीच आहे. एवढेही त्याच्यापर्यंत पोचत नसेल, तर दोष जनुकाचा म्हणता येणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. हंगाम सुरू होताच कारखान्यांच्या गट कार्यालयांच्या परिसरात, आरोग्य खात्याच्या साह्याने, कोप्यांवरच मोफत तपासणी व्हावी. प्राथमिक चाचणी स्वस्त आणि झटपट असते, परंतु ती रुग्ण आणि वाहक यांत फरक करीत नाही आणि सहा महिन्यांखालील बाळात भरवशाची नसते. तेव्हा पक्क्या निदानाची सोय जोडीला हवी. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या कामाचे ते केंद्र होऊ शकते. तपासणी स्वेच्छेची असावी. निकाल ज्याचा त्याला द्यावा. तो मुकादमाच्या, कारखान्याच्या वा ठेकेदाराच्या हाती जाता कामा नये. तो तसा गेला तर उद्या वाहक निघालेल्या धडधाकट जोडप्याला उचल नाकारली जाईल आणि पुढच्या वर्षी कोणी सुईपुढे हात करणार नाही. निदान झालेल्या रुग्णाच्या वेदनेच्या दिवसांचा खाडा लावू नये, त्याला पहाटेच्या थंडीतले आणि रात्रीच्या भरणीचे काम देऊ नये, ही मागणी तोडणीच्या कराराच्या बोलण्यांत मांडली गेली पाहिजे. फडात पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी आडोसा ही मागणी तर सर्वच मजुरांची आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या बाबतीत तो उपचाराचा भाग आहे.

गावी दिलेले कार्ड इथल्या उपजिल्हा रुग्णालयात चालले पाहिजे आणि त्यावर औषध मिळाले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्या कायद्याखालील प्रमाणपत्र मिळवून देण्याचे काम कचेरीच्या पायऱ्या झिजवणारा कार्यकर्ता करू शकतो. समजावणीची भाषा मजुराची हवी. पावरी आणि भिल्ली बोलणारी, त्याच टोळ्यांतील शिकलेली मुले-मुली या कामात पुढे आली, तर जे दहा भित्तिपत्रकांनी साधणार नाही ते एका संध्याकाळी शेकोटीपाशी साधेल. आणि ही समजावणी केवळ मुलींना ऐकवण्याची नाही. रक्तदोषाची चर्चा निघाली की तपासणी सुनेची होते आणि ठपकाही तिच्यावर येतो. रुग्ण मुलाला एक जनुक बापाकडूनच आलेले असते, हे ठासून सांगितल्यावाचून हे प्रबोधन पुरे होत नाही.

अखेर प्रतिबंध या शब्दाचा अर्थ नीट लावला पाहिजे. रुग्ण जन्माला येऊ नयेत एवढाच प्रतिबंधाचा अर्थ घेतला, तर आज जे जन्मलेले आहेत ते नकोसे ठरतात. जन्मलेल्याला वेदनेपासून वाचवणे हाही प्रतिबंधच आहे. किंबहुना तो आधीचा आहे. विळ्याच्या पेशी सातपुड्यातून आल्या असतील. त्यांना चिथावणारी थंडी, तहान आणि खाडा यांची व्यवस्था मात्र या बागायती तालुक्यांतली आहे, आणि ती बदलणे इथल्या माणसांच्या हाती आहे. या तालुक्यांच्या साखरेची गोडी ज्यांच्या कष्टावर उभी आहे, त्यांच्या रक्ताची विचारपूस करणे हे उपकाराचे काम नाही. ते देणे आहे, आणि पुढचा बॉयलर पेटण्यापूर्वी त्याची फेड सुरू झाली पाहिजे.